मेलेल्या बेडकाचा प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटाच्या कडेला व्हिक्टरव्हिल नावाचे गाव आहे. १९८७ साली तेथील शाळेत शिकणाऱ्या जेनिफर ग्रॅहम या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीने जीवशास्त्राच्या तासाला बेडकाचे विच्छेदन करण्यास नकार दिला. ती शाकाहारी होती आणि चामड्याच्या वस्तू वापरत नसे. अभ्यास टाळण्याचा तिचा हेतू नव्हता. आकृत्या, प्रतिकृती, पुस्तके, जे सांगाल त्यावरून बेडकाची शरीररचना शिकते, परीक्षाही देते, परंतु या कामासाठी मारलेल्या प्राण्यावर सुरी चालवणार नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. शाळेने ते मानले नाही. अभ्यासक्रम सर्वांना सारखा, असे उत्तर मिळाले आणि चांगले गुण मिळवणाऱ्या या मुलीची श्रेणी खाली उतरवण्यात आली.

अशा प्रसंगी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. बेडूक तर आधीच मेलेला आहे, औषधात बुडवून डब्यातून आला आहे; आता त्याला कापले काय अन् न कापले काय, त्याचा जीव थोडाच परत येणार आहे?

जैन घरात वाढलेल्या माणसाला या युक्तिवादातील फट लगेच दिसावी. आपल्याकडे हिंसेचा हिशेब केवळ हाताने केलेल्या कृतीपुरता थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवून घेतलेली आणि दुसऱ्याने केली असता संमती दिलेली, अशा तिन्ही प्रकारची हिंसा खात्यावर चढते. व्यापाऱ्याला तर हे शास्त्राच्या आधाराशिवायही कळते. गिऱ्हाईक आहे म्हणून माल येतो. प्रयोगशाळेच्या मेजावरचा बेडूक हा मागणी नोंदवल्यावर पाठवलेला माल असतो, आणि यंदाचा डबा संपला की पुढच्या वर्षीची मागणी नोंदवली जाते. अमेरिकेतील शाळांना पुरवले जाणारे बेडूक बहुतांशी तळ्याकाठी, ओढ्याकाठी पकडलेले असत. कोणीतरी पकडले, कोणीतरी मारले, कोणीतरी विकले. विद्यार्थी त्या साखळीतील शेवटची कडी. जेनिफरला पाठशाळा नव्हती, अणुव्रतांची नावे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही ती नेमकी या कडीपाशी थांबली.

प्रकरण न्यायालयात गेले. जीवमात्राविषयीच्या तिच्या श्रद्धेला राज्यघटनेचे संरक्षण मिळावे, असे तिच्या बाजूचे म्हणणे होते. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यायाधीश मॅन्युएल रिअल यांनी प्रकरण निकाली काढताना एक विलक्षण तोडगा सुचवला: शाळेने नैसर्गिक मरण आलेला बेडूक मिळवावा आणि त्यावरून तिची परीक्षा घ्यावी. तोडगा ऐकायला सोपा आहे. अमुक बेडूक वार्धक्याने गेला, असा दाखला कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

खरा निकाल विधिमंडळात लागला. १९८८ सालीच कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना असा नकार देण्याचा हक्क मिळाला. प्राण्याला इजा करणाऱ्या किंवा त्याचा जीव घेणाऱ्या प्रयोगाला नैतिक हरकत असेल, तर विद्यार्थ्याने शिक्षकाला तसे सांगावे; सोबत आईवडिलांची किंवा पालकांची चिठ्ठी असावी. हा हक्क आपल्याला आहे, हे विद्यार्थ्यांना आधी सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर आहे. हरकत घेतली म्हणून विद्यार्थ्याशी भेदभाव करता येत नाही. या कायद्यातील सर्वांत शहाणे कलम मात्र वेगळेच आहे: पर्यायी अभ्यासाला मूळ प्रयोगाइतकाच वेळ आणि इतकेच श्रम लागले पाहिजेत. दया ही आळसाची पळवाट होऊ नये, याची काळजी त्यात घेतलेली दिसते. आपल्याकडे उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याचे चार प्रकार करणाऱ्यांनीही हे कलम वाचण्यासारखे आहे.

योगायोग असा की, १९८७ हेच साल भारतातील बेडकांच्याही भाग्याचे ठरले. तोवर आपल्या देशातून बेडकांचे पाय गोठवून युरोप-अमेरिकेला पाठवले जात, वर्षाला हजारो टन. परकीय चलन मिळते म्हणून या धंद्याचे कौतुकही होई. परंतु बेडूक हा भातशेतीतील किडे खाणारा बिनपगारी राखणदार आहे. तो गेला की किडे वाढतात, किडे वाढले की कीटकनाशके आणावी लागतात. जमेच्या बाजूला डॉलर दिसत होते आणि नावेची बाजू कोणी लिहितच नव्हते. अभ्यासकांनी ती बाजू मांडली आणि १९८७ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. करुणेने जे सांगितले, तेच ताळेबंदानेही सांगितले. असे नेहमी होत नाही. झाले तेव्हा त्याची नोंद ठेवावी.

प्रयोगशाळांचा प्रश्न मात्र आपल्याकडे पुढे बराच काळ तसाच राहिला. मेणाच्या ताटात टाचण्यांनी ताणलेला बेडूक किंवा झुरळ हे महाराष्ट्रातील विज्ञान शाखेच्या कित्येक पिढ्यांचे परिचित दृश्य. अनेक जैन घरांत यावर एकच तोड निघे: मुलाला वाणिज्य शाखेत घाला. ज्यांना डॉक्टर व्हायचे होते, ती मुले डोळे मिटून नवकार म्हणत सुरी उचलत आणि घरी येऊन कोणाशी बोलत नसत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते पूर्ण थांबवण्याचे पाऊल उचलले. आज संगणकाच्या पडद्यावर बेडकाचे हृदय उघडून पाहता येते आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करता येते. खऱ्या बेडकाच्या बाबतीत ती सोय नव्हती.

बेडकाशी आपले नाते जुने आहे. राजगृहीच्या नंद मणिकाराची कथा पाठशाळेतील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. स्वतः बांधलेल्या पुष्करिणीत जीव गुंतल्यामुळे हा श्रीमंत व्यापारी मरून त्याच पाण्यात बेडूक झाला आणि भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला असता राजा श्रेणिकाच्या लवाजम्याखाली चिरडला गेला. मरताना भाव शुद्ध होता म्हणून तो देवगतीला गेला. ही कथा ऐकलेल्या मुलासमोर तो पंचेंद्रिय जीव ताटात टाचून ठेवायचा आणि गुण जातील म्हणून गप्प बसायला सांगायचे, हे आपण किती सहजपणे केले!

आता विच्छेदनाचा प्रश्न बराचसा मिटला असला, तरी मुलांचे प्रश्न संपलेले नाहीत. सहावी-सातवीतील मूल वर्गात कोणी पाकोळीचे पंख उपटले तर अडवते, बेंचावर चढलेली मुंगी चिरडू देत नाही, आणि त्यासाठी चेष्टाही सोसते. तेच मूल घरी येऊन विचारते: बाबा, आपल्या दुकानातले पट्टे कशाचे आहेत? लग्नातले रेशीम कसे तयार होते? गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्राने मान्य केले आहे, आणि ते मुलाला प्रामाणिकपणे सांगताही येते. परंतु हा उत्तराचा आरंभ झाला. त्या सवलतीची मर्यादा आपण कोठे आखली आहे, हा मुलाचा पुढचा प्रश्न असतो आणि तेथे बहुतेक घरांत विषय बदलला जातो.

व्हिक्टरव्हिलच्या त्या घरात विषय बदलला गेला नाही. जेनिफरची आई पॅट ग्रॅहम मुलीच्या बाजूने उभी राहिली, शाळेशी बोलली, न्यायालयाचा खर्चिक आणि कंटाळवाणा मार्ग तिने सोबतीने चालून काढला. प्रकरण संपल्यावरही ती थांबली नाही. विच्छेदनाला नकार देऊ इच्छिणाऱ्या देशभरातील विद्यार्थ्यांसाठी एक मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि तिचे काम तिने हाती घेतले. शिक्षकांशी उद्धटपणा न करता कसे बोलावे, पर्यायी साहित्य कोठून मागवावे, चिठ्ठीत काय लिहावे, अशा साध्या गोष्टी तेथे विद्यार्थ्यांना समजावून सांगितल्या जात.