हलते म्हणून घडते

आमच्या घरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, की आठवडाभराने आई एकेक अंडे दिव्यापुढे धरून पाही. "हलतंय गं," म्हणे. पिल्लू घडत आले म्हणून हलते, असे मी समजत असे. निम्मी गोष्ट उलटी आहे, हे ग्रंथालयातल्या पुस्तकाने शिकवले.

पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर पडते. पण गर्भाची वळवळ चौथ्या दिवसाच्या सुमारासच सुरू होते. तेव्हा पाय म्हणजे नुसते कोंब! पुढे त्यांत कूर्चा धरते, सांध्याची जागा आखली जाते. मात्र तिथे पोकळी पडून सांधा मोकळा व्हायला स्नायूंची ओढ लागते. ड्रॅकमन आणि सोकोलॉफ यांनी १९६६ साली औषधाने गर्भाचे स्नायू लुळे करून पाहिले. सांधे मोकळे झालेच नाहीत. कूर्चेची टोके एकमेकांना चिकटून राहिली.

माणसाचेही असेच. नसांच्या, स्नायूंच्या दोषाने किंवा गर्भाशयात जागा अपुरी पडल्याने गर्भ हलेनासा झाला, तर मूल आखडलेल्या सांध्यांनी जन्मते. आमच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. त्याच्या आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असे लोक आजही बोलतात. (ग्रहण सुटेपर्यंत हलू नकोस, असे तिला बजावणारेही तेच!) सुट्टीत मी काकूंना अंड्यातल्या पिल्लाची हकीगत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "थोरली पोटात लाथा मारायची. हा फार कमी हलायचा. मी तेव्हाच सासूबाईंना सांगितलं होतं."