प्राध्यापकांचा करार नेमका कोणाशी?

आपल्या भोपाळच्या मराठी घरांत बँकेतून निवृत्त झालेले आणि महाविद्यालयात शिकवणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. पगारवाढीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: बँकवाल्यांचा दर पाच वर्षांनी समझोता होतो, मग प्राध्यापकांचा का होत नाही? संघटना त्यांचीही आहे आणि आंदोलने तेही करतात. मग फरक कुठे पडतो? मी आयुष्यभर बँकेत काढले, त्यामुळे बँकेच्याच उदाहरणाने सुरुवात करतो.

बँकांतील पहिला द्विपक्षीय समझोता १९ ऑक्टोबर १९६६ रोजी झाला. तेव्हापासूनची पद्धत अशी: एका बाजूला बँकांच्या वतीने इंडियन बँक्स असोसिएशन, दुसऱ्या बाजूला संघटना. मागणीपत्रक दिले जाते, चर्चेच्या फेऱ्या होतात, कधी संपाची नोटीस निघते आणि शेवटी कागदावर सह्या होतात. ताजा म्हणजे बारावा समझोता ८ मार्च २०२४ रोजी झाला. वाढ १७ टक्के, लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. उशीर झाला, पण मधल्या महिन्यांची थकबाकी मिळाली. अधिकारी वर्ग कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ नसल्याने आमच्यासाठी वेगळी ‘जॉइंट नोट’ असते. ती मात्र त्याच दिवशी, त्याच टेबलावर होते. मुद्दा एवढाच की समोर बसलेल्या माणसाला बँकांच्या वतीने सही करण्याचा अधिकार असतो.

आता विद्यापीठाकडे वळू. इथे टेबल एक नाही, दरवाजे तीन आहेत. वेतनश्रेणी ठरवते केंद्र सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग. सातव्या वेतन आयोगानंतर सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले ते दिल्लीत. राज्याच्या विद्यापीठांत आणि अनुदानित महाविद्यालयांत पगाराचा बोजा उचलते राज्य सरकार. केंद्र काही वर्षे वाढीव खर्चाचा ठराविक भाग देते. सहाव्या आयोगाच्या वेळी हा भाग ८० टक्के होता, सातव्याच्या वेळी ५० टक्क्यांवर आला. नेमणूक करणारे, रजा मंजूर करणारे आणि वर्ग वाटून देणारे मात्र विद्यापीठ किंवा संस्था. म्हणजे ठरवणारा एक, देणारा दुसरा आणि काम घेणारा तिसरा. कुलगुरूंशी बोलणी करावीत तर तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे नाही. मंत्र्यांकडे जावे तर ते दिल्लीकडे बोट दाखवतात.

याचा परिणाम महाराष्ट्राने २०१३ मध्ये पाहिला. प्राध्यापकांच्या महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मुख्य मागण्या दोन. पहिली, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी. ती २००६ ते २०१० या काळातली, आणि केंद्र-राज्य यांच्या हिश्श्यात अडकलेली. दुसरी, १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या, पण नेट-सेट नसलेल्या शिक्षकांची सेवा नियमित करणे. तीन महिने रस्सीखेच चालली, परीक्षा खोळंबल्या, विद्यार्थी आणि पालक हवालदिल झाले. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. पुढे २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने नेट-सेटचा प्रश्न अंशतः सुटला, पण आंदोलनकाळातला ७१ दिवसांचा पगार अडवला गेला. तो मिळावा ही मागणी २०१८ च्या आंदोलनातही होती. एका आंदोलनाचा हिशेब पुढच्या आंदोलनात ओढला गेला, कारण मिटले म्हणून दोन्ही बाजूंनी सही केलेला पक्का करार असा नव्हताच.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ इतका व्यापक केला की विद्यापीठही त्यात आले. पण १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. शिकवणे हे कारकुनी किंवा तांत्रिक काम नाही. थोडक्यात, संस्था उद्योग, पण तिथे शिकवणारा कामगार नाही. मान मोठा मिळाला, पण त्या कायद्यातली सलोखा आणि करार यांची वाट बंद झाली. महाराष्ट्रात शिक्षकांसाठी न्यायाधिकरण आहे. ते बडतर्फीसारख्या तक्रारींसाठी. पगाराची बोलणी तिथे होत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची मुले न्यू जर्सीत आहेत. तिथल्या रटगर्स विद्यापीठात एप्रिल २०२३ मध्ये प्राध्यापकांनी संप केला. विद्यापीठाच्या अडीचशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातला प्राध्यापकांचा तो पहिलाच संप. राज्यपालांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवले आणि पाच दिवसांत समझोत्याची रूपरेषा ठरून वर्ग पुन्हा सुरू झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की अर्धवेळ शिकवणारेही त्या लढ्यात बरोबर होते आणि करारात त्यांचे मानधन चांगलेच वाढले. अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे नाही. पण तिथे कोणी कोणाशी बोलायचे हे आधीच ठरलेले होते.

आता आपल्या शहराकडे पाहू. मध्य प्रदेशच्या सरकारी महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार अतिथी विद्वानांवर आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासारखेच ‘तासिका तत्त्वावरील’ प्राध्यापक आहेत. नियमित प्राध्यापक रुजू झाला की अतिथी विद्वान बाहेर. त्याला ‘फॉलन आउट’ म्हणतात. लोकसेवा आयोगाच्या नेमणुकांनंतर असे बाहेर पडलेले लोक २०१९-२० च्या कडाक्याच्या थंडीत आपल्या शाहजहानी पार्कात धरणे धरून बसले होते. नंतर ११ सप्टेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी महापंचायत बोलावून दिवसाला १,५०० रुपयांऐवजी महिन्याला ५० हजारांपर्यंत मानधन देण्याची घोषणा केली. चांगली गोष्ट झाली. पण बँकेतला माणूस ‘पर्यंत’ या शब्दापाशी थांबतो. वरची मर्यादा सांगितली, खालची सांगितली नाही. शिवाय घोषणा एकतर्फी असते. ती करणाऱ्याला बदलताही येते. करार बदलायचा तर दुसऱ्या बाजूची सही लागते.

म्हणून माझ्या मते प्राध्यापकांची खरी गरज टक्केवारीच्याही आधी एका टेबलाची आहे: केंद्र, राज्य आणि विद्यापीठ यांचे अधिकृत प्रतिनिधी एकत्र बसतील, बोलणीची मुदत ठरलेली असेल, अतिथी विद्वानांनाही खुर्ची असेल आणि शेवटी लेखी करार होईल. असे टेबल असते तर परीक्षा अडवण्याची वेळ क्वचितच आली असती. बँकांतही संप झाले, पण ग्राहकाला निदान माहीत असे की बोलणी कुठे चालू आहेत.

तोवर आपल्या घरातली जी मुले-मुली अतिथी विद्वान म्हणून शिकवत आहेत, त्यांनी एवढे करावे. प्रत्येक सत्राचे आदेशपत्र, हजेरी आणि मानधनाची नोंद वर्षवार जपून ठेवावी. मानधन दिवसावर आहे की महिन्यावर, सुट्ट्यांचे पैसे मिळतात का, हे लेखी विचारावे. नियमितीकरणाचा किंवा थकबाकीचा प्रश्न कधी ना कधी निघतोच. त्या दिवशी ज्याच्याकडे कागद असतो, त्याचेच म्हणणे ऐकले जाते.