गर्भपाताची गोळी शरीरात काय करते?

गर्भ टिकवतं ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. गर्भपिशवीच्या पेशींत त्याचा रिसेप्टर असतो. कुलपात किल्ली बसावी तसं ते त्यात बसतं, रिसेप्टरचा आकार बदलतो, तो पेशीतल्या जनुकांना कामाला लावतो आणि पिशवीचं अस्तर टिकतं. मिफेप्रिस्टोनची गोळी त्याच कुलपात आणखी घट्ट बसते, पण फिरत नाही. अस्तर सुटू लागतं. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घेतली की पिशवी आकसून गर्भ पडतो.

मात्र गर्भ नळीत असेल तर ही गोळी उपयोगाची नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो. म्हणून नवऱ्याकरवी मेडिकलमधून गोळ्या मागवण्याआधी तपासणी करा. सरकारी दवाखान्यात गर्भपात मोफत होतो. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. तिथे कुणी नवऱ्याची सही मागितली, तर १९७१ च्या कायद्यात तशी अट नाही असं ठणकावून सांगा. (संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ सालीच मुंबई विधिमंडळात आणला होता. तो फेटाळला गेला.)

गोळीनंतर सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.