‘चिअर’: चेहऱ्यावरून मनात उतरलेला शब्द

पेले किणकिणले की ‘चिअर्स’ आणि क्रिकेटच्या मैदानावर ‘चिअर लीडर’, एवढ्यापुरता ‘चिअर’ हा इंग्रजी शब्द आपल्या परिचयाचा आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र आनंद नव्हे, चेहरा.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारा’ म्हणजे चेहरा. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत हा शब्द त्याच अर्थाने आजही नांदतो. जुन्या फ्रेंचमधील त्याचे रूप इंग्लंडवरील नॉर्मन विजयानंतर (१०६६) इंग्रजीत रुजले. हा ‘कारा’ मस्तकवाचक ग्रीक शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते; आणि तो ग्रीक शब्द संस्कृत ‘शिरस्’चा सगोत्र. म्हणजे ‘चिअर’ आणि आपले ‘शिर’ दूरचे भाऊबंद ठरतात. उच्चाराने जवळचा वाटणारा ‘चेहरा’ मात्र फारसीतून आलेला, वेगळ्या कुळाचा.

चेहऱ्यावरून चेहऱ्यावरचा भाव आणि भावावरून मनःस्थिती, असा हा अर्थविस्तार झाला. मनःस्थिती बरी असो वा वाईट, दोन्ही ‘चिअर’च, म्हणून विशेषण जोडावे लागे. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘गुड चिअर’ धीर देताना येतो. त्याच सुमाराच्या शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये मात्र ‘चिअर’ अजून चेहराच आहे. पुढे ‘गुड’ गळाले आणि चांगुलपणा मूळ शब्दातच मुरला. यजमानाच्या प्रसन्न मुद्रेवरून पाहुणचार, त्यावरून खाणेपिणे हाही अर्थ आला; फ्रेंचमध्ये ‘बॉन शेर’ म्हणजे आता चांगलेचुंगले जेवण. अठराव्या शतकात त्याला उत्तेजनाच्या आरोळीचा अर्थ चिकटला. १८९८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संघटित ‘चिअर लीडिंग’ सुरू झाले. पेला उंचावतानाचे ‘चिअर्स’ विसाव्या शतकातले.

‘चिअरफुल’ला आपण सर्रास ‘प्रसन्न’ हा प्रतिशब्द देतो. पण ‘प्रसन्न’चा प्रवास निराळ्या दिशेचा आहे. ‘प्र’ अधिक ‘सद्’, म्हणजे स्थिरावणे. गाळ खाली बसून नितळ झालेल्या पाण्यालाही संस्कृतात ‘प्रसन्न’ म्हणतात. मराठीतही पाणी निवळते, आभाळ निवळते आणि मनही निवळते. तिकडे चेहऱ्यावरून मनाकडे, इकडे मनातून चेहऱ्याकडे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘चिअरफुल’ला जवळचा शब्द ‘हसतमुख’ होय. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याकडून हसतमुख राहण्याची अपेक्षा करता येते, तसा नियमही घालता येतो. प्रसन्न राहण्याचा नियम कोणाला घालता येत नाही; त्यासाठी गाळ बसेपर्यंत थांबावे लागते.