इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर…

किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. मुळात लागलाच नाही, तर तेही तपासून घ्या. चालत्या गाडीत तो लागून स्थिर राहिला तर घाबरून भररस्त्यात थांबू नका. गाडी नेहमीसारखी चालत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, तर सावकाश गॅरेजला न्या. पण ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणून महिनाभर टाळू नका.

लुकलुकणारा दिवा मात्र वेगळा. बहुतेक वेळा तो मिसफायर सांगतो: एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भट्टीसारखा तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. हा भाग फार महाग. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. कसारा घाट तेवढा चढून जाऊ, हा हट्ट नको.

तेलाच्या बुधलीचा लाल दिवा याहून गंभीर. तिथे इंजिन लगेच बंद.

गॅरेजवाले स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. त्यावर बिघाडाचा कोड दिसतो: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कोड आधी लिहून घ्या. नुसता पुसून दिवा विझवणाऱ्याला पैसे देऊ नका. बिघाड राहतो आणि नोंद तेवढी जाते. शिवाय कोड म्हणजे भाग बदलायचा हुकूम नव्हे. पी०३०१ मागे जुना स्पार्क प्लग असेल, कॉइल असेल किंवा इंजेक्टरही.