'क्युबा'चं कार्पेट विकायचंय? आधी हे वाचा

ॲक्वेरियमचं दुकान टाकू पाहणारे बरेच जण विचारतात, "सर, टाकीच्या तळाशी हिरवा गालिचा पसरतो ते झाड कुठलं? त्यात पैसा आहे ना?" आहे. पण त्याच झाडाने मला पहिल्या वर्षी धडा शिकवला, तो आधी ऐका.

झाडाचं नाव हेमिअँथस कॅलिट्रिकॉइड्स, बाजारात 'एचसी क्युबा'. मूळ क्युबातलं. पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. मी एका गिऱ्हाइकाला टिश्यू कल्चरचा कप दिला आणि म्हणालो, "लावा, पसरेल." त्यांच्याकडे जाड रेती, साधा लाइट, सीओटू नाहीच. पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडून विरघळलं. मी पैसे परत केले, पण गिऱ्हाईक परत आलं नाही. चूक माझीच. विकण्याआधी टाकीबद्दल मी एक प्रश्नही विचारला नव्हता.

विकण्याआधी हे चार प्रश्न विचारा

१. सीओटू आहे का? सिलिंडर, रेग्युलेटर आणि टायमर हवा. गॅस लाइटच्या एक-दोन तास आधी सुरू करायचा. ड्रॉप चेकर हिरवा दिसला म्हणजे साधारण ३० पीपीएम. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका.

२. लाइट किती? प्रकाश तळापर्यंत जोरात पोचला पाहिजे. सुरुवातीला रोज ६ तास, झाड रुजलं की ८. लाइट जास्त आणि सीओटू कमी असेल तर गालिचा शेवाळाचाच होणार!

३. तळाला काय आहे? बारीक दाण्याची ॲक्वासॉइल, चार-पाच सेंटिमीटर. मुळं नाजूक असतात, जाड खड्यांत झाड सुटून वर तरंगतं.

४. उन्हाळ्यात पाणी किती तापतं? २० ते २६ अंश उत्तम. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी ३० च्या वर जातं आणि तापलेल्या पाण्यात गॅस कमी विरघळतो. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी भरताना आरओचं भरा, नाहीतर बोअरचे क्षार वाढत जातात.

एकाचंही उत्तर "नाही" आलं तर कप विकू नका. त्यांना दुसरं सोपं झाड दाखवा. आजची विक्री छोटी होईल, पण माणूस टिकेल.

दुकानात ट्रे कसा तयार करायचा?

मी आता कप कमी विकतो, रुजलेला गालिचा जास्त. पद्धत 'ड्राय स्टार्ट'ची:

- कपातली जेल पूर्ण धुवून काढा.
- एक-दीड सेंटिमीटरचे पुंजके करा आणि चिमट्याने दोन-तीन सेंटिमीटरवर लावा.
- पाणी मातीच्या पातळीपर्यंतच ठेवा. वर क्लिंग फिल्म लावा.
- रोज फवारा मारा आणि पाच-दहा मिनिटं हवा द्या, नाहीतर बुरशी धरते.
- लाइट १० ते १२ तास. पाच ते आठ आठवड्यांत ट्रे भरतो.

हवेत झाडाला सीओटू फुकट मिळतो, म्हणून सिलिंडरचा खर्च नाही. पण पाण्यात गेल्यावर पहिल्या दिवसापासून सीओटू लागतोच. हे गिऱ्हाइकाला लिहून द्या. गालिचा दोन-तीन सेंटिमीटर जाड झाला की कापायचा, हेही सांगा. खालचा थर उजेडाविना पिवळा पडला की अख्खं कार्पेट उपटून वर येतं.

आता हिशोब

समजा एका कपातून तीन ट्रे झाले. लगेच तिप्पट नफा म्हणू नका. दोन महिन्यांची वीज, माती, ट्रेने अडवलेली जागा, रोजची तुमची दहा मिनिटं आणि बुरशीने गेलेला एखादा ट्रे, सगळं धरा. बीबीएमध्ये कॉस्टिंगचा पेपर मी पास झालो होतो, पण "आपली मेहनत कुठे मोजायची" म्हणून पहिले सहा महिने तोट्यातच विकत होतो.

गृहपाठ: एकच कप घ्या, एकच ट्रे लावा आणि वहीत रोजचा खर्च लिहा. ट्रे भरला की मगच भाव ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!