उघड्या पाठीचा आवाज

जुन्या टीव्हीतून काढलेला चार इंची स्पीकर दोन वायरी जोडून टेबलावर मोकळा ठेवला आणि त्यावर एखादी ठुमरी लावली, तर गाणं कळतं, पण आवाज चिरका येतो. तबल्याचा डावा तर जवळजवळ ऐकूच येत नाही. आता फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्यायचा, मधोमध स्पीकरच्या मापाचं भोक पाडायचं आणि गाणं चालू असतानाच स्पीकर त्या भोकावर मागून दाबून धरायचा. त्या क्षणी आवाजाला अंग येतं. डाव्याची घुमक येते, गळ्यातला खर्ज येतो. पुठ्ठा बाजूला केला की पुन्हा चिरका. स्पीकर तोच, ॲम्प्लिफायर तोच, खर्च शून्य. नववीत असताना मी हे पहिल्यांदा करून पाहिलं. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी जे करतो आहे, ते त्या पुठ्ठ्याचंच पुढचं रूप आहे.

स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. एकाच पडद्यातून असे एकमेकांच्या उलट दोन आवाज निघतात. वरच्या सुरांची लहर आखूड असते, ती बहुतांशी सरळ समोर निघून जाते. खालच्या सुरांची लहर लांब. ४० हर्ट्झच्या सुराची लहर तर साडेआठ मीटर लांब. तेवढ्या लहरीपुढे चार इंचांच्या पडद्याला वळसा घालणं म्हणजे काहीच नाही. पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठा तो वळसा लांबवतो, बाकी काही करत नाही. या फळीला बॅफल म्हणतात. तिच्या मागे खोका नाही, पाठ उघडी, म्हणून ओपन बॅफल.

ही कल्पना आजच्या स्पीकरइतकीच जुनी आहे. १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा नसलेल्या लाउडस्पीकरवरचा आपला निबंध मांडला. सहा इंची कागदी कोन, त्याच्या मुळाशी चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी, आणि हे सगळं एका सपाट फळीत बसवलेलं. कानातल्या हेडफोनपासून मिरवणुकीतल्या भिंतींपर्यंत आज वाजणारे बहुतेक स्पीकर याच घडणीचे आहेत. आपल्याकडे रेडिओचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं आणि पुढच्या तीन-चार दशकांत मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हचे रेडिओ घराघरांतल्या फळीवर येऊन बसले. ज्यांनी असा रेडिओ मागून पाहिला असेल त्यांना आठवेल, पाठीला नुसता भोकं पाडलेला पुठ्ठा असायचा. व्हॉल्व्ह तापत, त्यांना वारा हवा. पण त्यामुळे झालं असं की तो अख्खा लाकडी रेडिओ म्हणजे कडा मागे दुमडलेला ओपन बॅफलच होता. आजोबांच्या रेडिओवरचा बातम्या देणारा आवाज खोलीत माणूस बसल्यासारखा वाटे, असं आमच्या घरी अजून सांगतात. ते मला पटतं, आणि त्याचं बरंचसं श्रेय मी त्या उघड्या पाठीला देतो.

मग खोका आला. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने दाखवून दिलं की छोट्या, हवाबंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वापरली तर लहान आकारातूनही खोल खर्ज काढता येतो. हा मोठाच शोध होता. कपाटावर मावणारा स्पीकर दुकानदाराला विकायला सोपा आणि घरच्यांना सोसायला सोपा. पण खोक्यात कोंडलेला मागचा आवाज नाहीसा होत नाही. खोक्याच्या भिंती थरथरतात आणि उरलेला आवाज पातळ कागदी कोनातूनच परत बाहेर येतो. पुरुषी गळ्याला जी डब्यात बोलल्यासारखी किनार येते, ती इथून.

खोका न मानणारेही होते. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये आला. खोका नाही, पुढे-मागे सारखाच वाजणारा पातळ पडदा. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी त्याच दशकात व्हार्फडेलचा एसएफबी-३ काढला, त्यात प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये चक्क वाळू भरलेली होती. आणि मग सीगफ्रीड लिंकविट्झ. जर्मनीत जन्मलेले, कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये इंजिनिअर असलेले हे गृहस्थ १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या, खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटून देणाऱ्या लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरमुळे सगळ्या ध्वनितंत्रज्ञांना ठाऊक आहेत. पण २०१८ मध्ये जाईपर्यंत त्यांनी जीव ओतला तो उघड्या पाठीच्या स्पीकरांत. ओरायन आणि एलएक्स५२१ या त्यांच्या रचना. आपलं गणित त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. माझं सगळं शिक्षण तिथलं आहे.

ते गणित थोडक्यात असं. पुढून मागे जायला आवाजाला जो वळसा पडतो, तो मीटरमध्ये मोजायचा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला ०.१७ ने गुणून वळशाने भागायचं. वळसा अर्धा मीटर असेल तर उत्तर येतं साधारण ११७ हर्ट्झ. त्याखाली दर सप्तकाला आवाजाचा दाब निम्मा होत जातो. ५८ हर्ट्झला निम्मा, २९ ला पाव. तो भरून काढायचा तर पडद्याला फार हलावं लागतं. बंद खोक्यात एक सप्तक खाली जायला पडदा चौपट हलतो, इथे आठपट. म्हणून मोठा पडदा हवा, बारा किंवा पंधरा इंची. आणि म्हणूनच गच्चीवरच्या पार्टीसाठी हा स्पीकर बनवू नये. जमिनीला हादरवणारा खर्ज त्याच्याकडून निघत नाही.

इथे एक गोष्ट आहे, जी कळली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. स्पीकरचा पडदा म्हणजे झोका. त्याला त्याची एक लय असते आणि त्या लयीला तो आपसूक जोरात झुलतो. जबरदस्त चुंबक त्या झोक्याला घट्ट धरून ठेवतो, दुबळा चुंबक मोकळा सोडतो. हा मोकळेपणा क्यूटीएस नावाच्या आकड्यात मोजतात. खोक्यासाठी तो ०.३-०.४ असला की उत्तम, आणि म्हणून जड चुंबक महाग. पण उघड्या फळीवर खर्ज आधीच गळत असतो. तिथे झोका त्याच्या लयीला थोडा जास्त झुलला, तर ती गळती भरून निघते. क्यूटीएस ०.७ च्या वर हवा, एकच्या पुढे गेला तरी चालतो. अमेरिकेतल्या केंटकीच्या एमिनन्स कंपनीचा अल्फा-१५ए हा स्वस्तातला पंधरा इंची स्पीकर जगभरच्या हौशी मंडळींचा लाडका का, तर त्याचा क्यूटीएस १.२६ आहे. बाजारात जो दुबळा ठरतो, तोच इथे कामाचा.

मला हे आधी माहीत नव्हतं. उघड्या पाठीच्या स्पीकरांच्या पहिल्या जोडीसाठी मी गाडीत लावायचा, विटेएवढ्या जड चुंबकाचा महागडा सबवूफर आणला. फळीत बसवला आणि आवाज असा रोड आला की फळीला तडा गेला असेल म्हणून मी टॉर्च लावून पाहत बसलो.

पुढच्या वेळी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो तो चार इंच वायरचा तुकडा खिशात घेऊन. स्वस्त स्पीकरवर क्यूटीएस छापलेला नसतो, तेव्हा ही युक्ती उपयोगी पडते. स्पीकर आडवा धरायचा, कोनावर बोटाने हलकी टिचकी मारायची. ‘धुम्म’ असा आवाज येतो. मग मागची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची आणि पुन्हा टिचकी. जड चुंबकाचा स्पीकर एकदम मुका होतो, नुसतं ‘ठप’. कारण हलणारी गुंडाळी स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज तिलाच ब्रेक लावते. चुंबक दुबळा असेल तर दुसऱ्या टिचकीलाही ‘धुम्म’ शिल्लक राहतं. मला तो हवा होता. काउंटरवरच्या काकांनी सहा वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, काढून दिले. चौथा आणि सहावा मिळतेजुळते निघाले.

हिशेब लिहून ठेवलेला आहे. बारा इंची दोन वूफर ३,६०० रुपये, वरचे सगळे सूर वाजवणारे चार इंची दोन फुल रेंज स्पीकर १,४००, एकोणीस एमएम प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट २,४००, तांब्याची तार आणि कपॅसिटर १,१००, क्लास-डी ॲम्प्लिफायरचा बोर्ड ९०० आणि त्याचा पॉवर सप्लाय ६००. बरोबर दहा हजार. वूफर घेताना एक पाहायचं, तो फुल रेंजपेक्षा पाच-सहा डेसिबलने तरी मोठा वाजणारा हवा, कारण फळीवर त्याचं तेवढं नुकसान होणारच असतं.

२०० हर्ट्झच्या खाली वूफर, वर फुल रेंज. आठ ओहमच्या वूफरला त्यासाठी ६.४ मिलिहेन्रीची कॉइल लागते आणि फुल रेंजला १०० मायक्रोफॅरडचा बायपोलर कपॅसिटर. एवढी मोठी कॉइल विकत घेतली तर वूफरइतकी महाग पडते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्यांनी तार वजनावर दिली आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर, मध्ये कागदाची फट ठेवून, दोन कॉइली गुंडाळूनही दिल्या. जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. पडदा बाहेर उडी मारतो तेव्हा सेलच्या अधिक टोकाला लागलेलं ते अधिक. हे तपासलं नाही आणि एखादी जोडणी उलटी गेली, तर दोन्ही स्पीकर जिथे एकमेकांना भेटतात तिथेच गाण्यात खड्डा पडू शकतो.

फळी पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद, एक मीटर उंच, दोन्ही बाजूंना पंचवीस सेंटिमीटरच्या पट्ट्या मागे वळवलेल्या. वळसा वाढतो आणि फळी उभीही राहते. भोकं कापणाऱ्या सुतारमामांनी दोनदा विचारलं, “मागनं काय लावायचं न्हाय?” पुढच्या जोडीला मी ब्रिग्ज यांची वाळू केली. बारा एमएमच्या दोन फळ्या, मध्ये एक इंच फट. वाळू चाळली, उन्हात वाळवली, तरी थोडी कढईत भाजून घेतली, कारण ओल राहिली तर प्लाय फुगतं. एका फळीत चौदा-पंधरा किलो वाळू मावली. त्या फळीवर बोट वाजवलं तर दगडी भिंतीवर वाजवल्यासारखं लागतं.

आता खोली. आपल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती. खोक्याचा स्पीकर अशा खोलीत खर्ज चहूकडे फेकतो, तो कोपऱ्यात साठतो आणि पखवाजाच्या प्रत्येक थापेची शेपटी लांबते. उघड्या पाठीचा स्पीकर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वाजतो. पुढे आणि मागे भरपूर, दोन्ही कडांच्या रेषेत जवळजवळ काही नाही. समोर तेवढाच आवाज पोचवायला तो खोलीत एक तृतीयांश शक्ती सोडतो. थाप पडते आणि संपते. मोबदल्यात तो मागे जागा मागतो. भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवला, तर मागचा आवाज भिंतीवर आपटून सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा येतो आणि कान त्याला खोलीचा आवाज समजतो. त्याहून जवळ ठेवला तर दोन्ही आवाज एकमेकांत चिकटतात. लहान घरात मीटरभर जागा कायमची कोण देणार? मी खाली चाकं लावली. ऐकायला बसताना पुढे ओढतो, उठताना भिंतीशी लोटतो.

तानपुरा या स्पीकरवर ऐकावा. भीमसेन जोशींच्या मैफलीची जुनी ध्वनिमुद्रणं लावली की दोन तानपुरे गायकाच्या मागे दोन वेगळ्या जागी बसलेले कळतात, जव्हारी सुटलेली कळते. महागातले पुष्कळ स्पीकर मी ऐकले आहेत. त्यांचा खर्ज याच्याहून खोल जातो, पण हा मोकळा श्वास मला त्यांच्यात क्वचितच सापडला.

सुतारमामा जोडी पूर्ण झाल्यावर एका संध्याकाळी घरी आले. मी अभंग लावला. थोडा वेळ समोर बसले, मग उठून फळीच्या मागे गेले, रिकाम्या पाठीशी हात धरला. म्हणाले, “हित बी तेवढाच वाजतोय की.” मी त्यांना कडेच्या बाजूला, अगदी फळीच्या रेषेत उभं राहायला सांगितलं. पखवाज गेला, नुसते टाळ आणि गळा उरला. त्यांनी मान वीतभर पुढे केली, पखवाज आला. मागे घेतली, गेला. अभंग संपेपर्यंत ते तिथेच उभे होते, मान पुढे-मागे करत.